इंद्रलालचं नाव दगडावर आहे, आमच्या शिपायांचं कुठे आहे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

२२ जुलै हा पहिल्या महायुद्धातले लढाऊ वैमानिक लेफ्टनंट इंद्रलाल रॉय यांचा स्मृतिदिन. आपल्या पुरवणीत त्यांच्यावर छोटी चौकट आली, ती वाचून आनंद झाला. १३ दिवसांत १० विमानं पाडणारा १९ वर्षांचा भारतीय, एवढाच मजकूर त्यात होता. जागेची अडचण असते, ती मी समजू शकतो. पण आमच्या सकाळच्या बैठकीत ही चौकट वाचल्यावर एक स्नेही म्हणाले, "इंग्रजांसाठी लढला, त्याचं आपल्याला काय?" आणि दोघाचौघांनी माना डोलावल्या. ज्या जिल्ह्यातून इतकी माणसं फौजेत जातात, त्या साताऱ्यात असं बोललं जावं याचं मला फार वाईट वाटलं. म्हणून हे पत्र.

इंद्रलालचा जन्म २ डिसेंबर १८९८ चा, कोलकात्याचा. वडील बॅरिस्टर. मुलाचं शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत झालं. आई ललिता रॉय १९११ साली लंडनमध्ये मताच्या हक्कासाठी निघालेल्या स्त्रियांच्या मोठ्या मोर्चात भारतीय स्त्रियांच्या तुकडीत होत्या. असं घर होतं ते. पोराला मात्र उडायचं वेड. नजर अधू आहे म्हणून त्याला आधी नाकारलं, तेव्हा त्यानं आपली मोटारसायकल विकली आणि त्या पैशांत एका नामांकित डॉक्टरांकडून डोळे पुन्हा तपासून घेतले, असं सांगतात. जुलै १९१७ मध्ये रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये, म्हणजे ब्रिटिश फौजेच्या विमानदळात, त्याला अधिकाऱ्याचं कमिशन मिळालं. हिंदी माणूस फौजेत कितीही शूर ठरला तरी किंग्ज कमिशनपर्यंत, म्हणजे गोऱ्या अधिकाऱ्याच्या बरोबरीच्या हुद्द्यापर्यंत, सहसा पोचू शकत नव्हता, असा तो काळ. हे ध्यानात घेतल्याशिवाय त्या पोरानं काय मिळवलं ते कळत नाही.

त्या १० विमानांपेक्षा मला त्याच्या आयुष्यातले मधले महिने मोठे वाटतात. ५६ व्या स्क्वाड्रनमध्ये (विमानांच्या तुकडीत) दाखल होऊन थोडेच दिवस झाले होते. १९१७ च्या हिवाळ्यात उतरताना त्याचं विमान कोसळलं आणि तो जबर जखमी झाला. मेला समजून त्याला प्रेतांच्या खोलीत ठेवलं होतं आणि शुद्धीवर आल्यावर त्यानं आतून दार बडवलं, अशीही एक हकिगत आहे. ती सोडून दिली तरी उरतं ते पुष्कळ आहे. डॉक्टरांनी त्याला उड्डाणासाठी अपात्र ठरवलं. इथे तो थांबला असता तर कुणी नावं ठेवली नसती. अंथरुणात पडल्या पडल्या त्यानं विमानांची चित्रं काढली, त्यातली कितीतरी आजही जपून ठेवलेली आहेत. आणि वरिष्ठांच्या मागे लागून जून १९१८ मध्ये तो पुन्हा फ्रान्सच्या आघाडीवर, ४० व्या स्क्वाड्रनमध्ये गेला. तिथे कॅप्टन जॉर्ज मॅकेलरॉय यांच्या हाताखाली तो खऱ्या अर्थानं लढायला शिकला.

त्याचं विमान एसई-५ए, एकट्या माणसाचं. उघड्या कॉकपिटमध्ये हजारो फुटांवरची थंडी अंगावर घ्यायची. एक मशीनगन पुढे, दुसरी वरच्या पंखावर. त्या वरच्या गनचा गोळ्यांचा डबा संपला की ती रुळावरून खाली ओढायची, हातमोजे घातलेल्या हातांनी डबा बदलायचा आणि गन परत वर ढकलायची. तेवढा वेळ विमानाचा दांडा गुडघ्यांत धरायचा, आणि शत्रू पाठीवर असला तरी हे सगळं करायचंच. ब्रिटिश वैमानिकांना त्या युद्धात पॅराशूट दिलं जात नव्हतं. ६ ते १९ जुलै १९१८ या दिवसांत त्याच्या नावावर १० विमानं लागली, त्यांतली दोन इतरांच्या साथीनं पाडलेली. ८ जुलैला तर चार तासांत तीन. २२ जुलैला फ्रान्समधल्या कारवँच्या आकाशात जर्मन फोकर विमानांशी झालेल्या झुंजीत तो पडला. त्याचे गुरू मॅकेलरॉय ३१ जुलैला गेले.

मरणोत्तर त्याला डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे वैमानिकांसाठीचं ब्रिटिश शौर्यपदक मिळालं. हा मान मिळवणारा तो पहिला भारतीय. फ्रान्समधल्या एस्तव्हेलच्या गावच्या दफनभूमीत त्याची कबर आहे आणि तिच्यावर बंगालीत लिहिलं आहे : महावीराची समाधी, आदर दाखवा, स्पर्श करू नका. कोलकात्यात त्याच्या नावाचा रस्ता आहे. १९९८ मध्ये त्याच्या जन्मशताब्दीला टपाल खात्यानं तिकीटही काढलं.

त्याच्या आधी तीन आठवडे, ३० जून १९१८ ला, आपल्या मुंबईचे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिंगकर जर्मनांच्या कैदेत जखमांनी गेले. तेही लढाऊ वैमानिक, २३ व्या स्क्वाड्रनचे. नाव ऐकून मराठी माणसानं ताठ बसावं, पण किती जणांनी ते ऐकलं आहे?

आता स्नेह्यांच्या प्रश्नाकडे येतो. इंग्रजांसाठी लढला, हे खरंच. मग आपल्याच जिल्ह्यातल्या अपशिंग्याचं काय करायचं? पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जण कामी आले. गावाला अपशिंगे मिलिटरी म्हणतात आणि आपण ते नाव छाती फुगवून सांगतो. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, सहाव्या पुणे डिव्हिजनबरोबर १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी गेल्या होत्या. तिथल्या कुट या गावाला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात त्या जवळजवळ पाच महिने उपाशीतापाशी राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीनंतर कैदेत गेल्या. किती पोरं परतली नाहीत! ती कुणासाठी लढली, हा प्रश्न त्यांच्या आयांना विचारायची आपली हिंमत आहे का? राज्य परक्याचं होतं, पण जीव आपल्या माणसांचा गेला.

आणि या पोरांच्या वाट्याला काय आलं? इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकावर अधिकाऱ्यांची आणि गोऱ्या सैनिकांची नावं कोरली. भारतीय शिपायांची नावं कोरलीच नाहीत, अमुक पलटणीचे इतके, असा नुसता आकडा. तिथल्या चाळीस हजारांवर मृतांपैकी बहुतेक जण असे आकड्यात गेले आहेत. युद्धकबरी सांभाळणाऱ्या राष्ट्रकुल आयोगानं २०२१ मध्ये या भेदभावाची जाहीर माफी मागितली. इंद्रलालच्या दगडावर त्याच्या मातृभाषेतल्या ओळी आहेत, कारण त्याच्या मागे बॅरिस्टरचं, लिहिणारं-वाचणारं घर होतं. जावळी-कोरेगावच्या शेतकऱ्याच्या पोराला असं घर कुठून असणार?

मी शाळेत इतिहास शिकवत असताना एका विद्यार्थिनीनं आजीच्या पेटीतलं एक काळपट चांदीचं पदक दाखवायला आणलं होतं. एका बाजूला पंचम जॉर्जचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष. घरात सगळे त्याला 'पणजोबांचा बिल्ला' म्हणत, पण पणजोबांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. भिंग लावून पदकाची कड उन्हात फिरवली तेव्हा बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण सगळं सापडलं. ते नाव मोठ्यानं वाचताना त्या मुलीचा चेहरा असा काही उजळला की तो मी विसरणं शक्य नाही. असे कितीतरी बिल्ले अडचणीच्या दिवसांत सोनाराकडे मोडीत गेले. जे उरलेत ते अजून पेट्यांत, देव्हाऱ्यांत, पत्र्याच्या डब्यांत आहेत.

संपादक महोदय, आपल्याला कळकळीची विनंती आहे. देशातलं पहिलं सैनिक स्कूल १९६१ मध्ये साताऱ्यात निघालं, तेव्हा हे काम इथूनच सुरू व्हावं. आपल्या अंकात आठवड्यातून एक लहानसा कोपरा द्या. वाचकांनी घरातल्या जुन्या पदकांच्या कडांचे फोटो आणि डिस्चार्जचे कागद पाठवावेत, आपण नाव, गाव आणि पलटण छापावी. पहिल्या कोपऱ्यात इंद्रलाल आणि वेलिंगकर असावेत, दुसऱ्यापासून आपल्या वाड्यावस्त्यांवरचे शिपाई. अक्षरं लावून द्यायचं काम मी आनंदानं करीन. भिंग माझ्याकडे आहे आणि सवडही आहे.

आपला,
एक निवृत्त इतिहास शिक्षक,
सदर बझार, सातारा