अकॉर्डियनचे सूर भात्यासकट जपा

संपादक महोदय,

दिवाळीनंतर पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू झाला की वडसा-देसाईगंजच्या मंडळांसोबत मी रातभर की-बोर्ड वाजवतो. विरहाचा प्रसंग आला की अकॉर्डियन लागतोच. पण की-बोर्डात तयार मिळणारा आवाज बहुतेक वेळा निर्जीव असतो. अकॉर्डियनचा जीव भात्यात. पट्टीवर बोट कितीही आपटा, आवाज लहान-मोठा होतो तो हवेच्या दाबानं. शिवाय बऱ्याच वाद्यांत एकाच स्वराला दोन रीड, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या पातळ पट्ट्या, किंचित वेगळ्या सुरात लावलेल्या असतात. ती गोड थरथर तिथून येते. की-बोर्डासाठी सॅम्पल, म्हणजे खऱ्या वाद्याचा ध्वनिमुद्रित नमुना, घेताना एकाच दाबाचा तुकडा उचलून तोच फिरवत ठेवला, की सगळं गेलं. म्हणून मी एक्स्प्रेशन पेडलला, म्हणजे पायानं आवाज कमी-जास्त करायच्या पेडलला, भात्याचं काम देतो. पाय हळूच दाबला की सूर भरत येतो, आणि समोरच्या बाया डोळ्याला पदर लावतात, हे मी पाहिलं आहे.

आमच्या तालुक्यात एका जुन्या बँडवाल्याकडे अकॉर्डियन पेटीत बंद पडून आहे. गोंडवाना विद्यापीठानं असा एक तरी अकॉर्डियन स्वरास्वरानं ध्वनिमुद्रित करावा: हलका, मध्यम, पूर्ण दाब, भाता उघडताना आणि मिटताना वेगळा. आणि तो आम्हा वादकांना मोफत द्यावा.

एक की-बोर्डवादक, ता. ब्रह्मपुरी, जि. चंद्रपूर