कापसाचा निर्णय लागवडीआधी सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भारत शेतकऱ्यांना अन्याय्य अनुदान देतो, असा आरोप व्यापार वाटाघाटींत वारंवार होतो. २०१८ मध्ये अमेरिकेने जागतिक व्यापार संघटनेत भारताच्या कापसाबद्दल हेच म्हटले होते. या अनुदानाचा आकडा निघतो कसा, हे वाचकांना कळायला हवे. आजच्या हमीभावाशी तुलना होते ती १९८६-८८ च्या आंतरराष्ट्रीय दराची. तेव्हापासून बियाणे, खत, वेचणीची मजुरी किती वाढली, याला त्यात जागा नाही. शिवाय अमेरिकेने हा फरक देशात पिकलेल्या सगळ्या कापसाला लावला. सीसीआयने, म्हणजे हमीभावाने खरेदी करणाऱ्या सरकारी कापूस महामंडळाने, त्यातला थोडाच भाग विकत घेतला तरी! मी यवतमाळ जिल्ह्यात कपाशी लावतो. खेडा खरेदीत, म्हणजे गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला, हमीभावाखाली विकलेला माझा कापूसही अशा हिशेबात सरकारी मदत ठरतो.

अमेरिकेच्या स्वतःच्या कापूस अनुदानाविरुद्ध ब्राझील २००२ मध्ये याच संघटनेत भांडायला गेला आणि जिंकला. शेवटी २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर घेऊन त्याने तडजोड केली. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड हे आफ्रिकेतले चार गरीब देश २००३ पासून हेच गाऱ्हाणे मांडत आहेत. २००५ मध्ये हाँगकाँगला त्यांना आश्वासन मिळाले, पण देशांतर्गत अनुदान कमी करण्याचा भाग अजून लोंबकळत आहे. ब्राझीलकडे उलट शुल्क लावण्याची ताकद होती, यांच्याकडे नाही. डिसेंबर २०१९ पासून तर संघटनेचे अपील मंडळच बंद आहे. हरलेल्या देशाने अपील केले की निकाल तिथेच अडकतो.

ही लढाई आपल्या सरकारने नेटाने लढावी. पण जिनिव्हात, या संघटनेच्या दारात, आपण जी स्थिरता मागतो, ती आम्हाला घरीही मिळावी. बाहेरचा स्वस्त कापूस रोखणारे ११ टक्के आयात शुल्क २०२१ मध्ये लागले, २०२२ मध्ये काही महिने उठले, पुन्हा लागले. १९ ऑगस्ट २०२५ ला ते परत उठले, आधी ३० सप्टेंबरपर्यंत आणि मग थेट ३१ डिसेंबरपर्यंत. ऑगस्टमध्ये कपाशी पात्या-फुलांवर असते. बियाण्याचे, खताचे पैसे मातीत गेलेले असतात. लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव धरून ज्याने कर्ज काढले, त्याने त्या वेळी काय बदलायचे? सोयाबीन लावायची वेळही निघून गेलेली असते.

अमेरिकेने २०२५ मध्ये भारतीय मालावर लावलेल्या ५० टक्के शुल्काने गिरण्या आणि कपडा कारखाने अडचणीत आले, तिथल्या कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता, हे मला मान्य आहे. त्यांना दिलासा द्या. पण तो देताना आमच्या भावाचे काय होईल, हेही त्याच दिवशी सांगा.

माझी मागणी एकच आहे. कापसाचे आयात शुल्क किंवा कोणत्याही देशाशी करारात दिलेली कापसाची सवलत दरवर्षी मे महिन्याच्या आत जाहीर व्हावी आणि तो हंगाम संपेपर्यंत बदलू नये. करार मधेच झाला, तर त्यातला कापसाचा भाग पुढच्या हंगामापासून लागू करावा.

आपला,
एक कापूस उत्पादक, जि. यवतमाळ