पी.क्यू.एम. नावाचा माणूस

पुणे, रविवार सकाळ

प्रिय सुधीर,

परवा फोनवर विचारलंस, "इटालियनचं भाषांतर म्हणजे पिझ्झ्याची मेन्यूकार्डं का रे?" बसमध्ये होतो, म्हणून हसून सोडून दिलं. आता ऐक. गेले तीन आठवडे मिलानच्या एका फौजदारी निकालाचं इंग्रजी करतोय. वाक्यांचं एक वेळ जमतं, लघुरूपं मात्र जीव खातात.

तू कोर्टात दिवसभर दाव्याच्या नंबरासाठी 'रे.मु.नं.' लिहितोस, तुला त्यात काही वाटत नाही. तुझ्या कोर्टाबाहेरच्याला विचार. सुरुवातीला एका निकालात पानाच्या मधोमध एकटंच 'पी.क्यू.एम.' दिसलं. मी ती कुणाची तरी आद्याक्षरं समजलो आणि तशीच ठेवून दिली! ते निघालं 'पेर क्वेस्ती मोतीवी', म्हणजे 'या कारणांस्तव'. खरा आदेश त्याच्याच खाली असतो. तपासणाऱ्या बाईंनी समासात नुसतं लिहिलं, 'हे गृहस्थ कोण?'

पदनामांचं त्याहून वाईट. 'माजिस्त्रातो' दिसला की हात आपोआप 'मॅजिस्ट्रेट' टाइप करतो. पण तिकडे न्यायाधीशही माजिस्त्रातो आणि सरकारी अभियोक्ताही माजिस्त्रातो. दोघे एकाच सेवेतले, एकच परीक्षा देऊन आलेले. 'मॅजिस्ट्रेट' वाचून तुझ्या डोळ्यांपुढे जे.एम.एफ.सी., म्हणजे आपले प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी, उभे राहणार, आणि तो असतो आरोप ठेवणारा! 'कोन्सिल्येरे' म्हणजे सल्लागार नव्हे, तो अपील कोर्टातला न्यायाधीश. 'सोस्तितूतो प्रोकुरातोरे' कुणाच्या बदली आलेला नसतो, तो कायमचाच अभियोक्ता. आणि नावामागचं 'दोत्त.' म्हणजे निव्वळ पदवीधर. त्याचं 'डॉक्टर' केलंस तर वाचणारा न्यायाधीशाला शवविच्छेदनाला पाठवेल.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जी.आय.पी.ने. हा प्राथमिक तपासासाठीचा न्यायाधीश, पण स्वतः तपास करत नाही. तपास अभियोक्त्याचा. अटकेत ठेवायचं का, फोन टॅप करू द्यायचा का, हे अभियोक्त्याने मागायचं आणि याने ठरवायचं. म्हणून त्याला 'इन्व्हेस्टिगेटिंग जज' म्हटलं की घोटाळा झालाच. खरोखर तपास करणारा न्यायाधीश तिकडे होता, 'जुदिचे इस्त्रुत्तोरे'. १९८९ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता आली आणि तो गेला. त्यामुळे कागद हातात आला की मी आधी साल बघतो. १९८५चा असेल तर तपास करणारा न्यायाधीश, १९९५चा असेल तर 'जज फॉर प्रिलिमिनरी इन्व्हेस्टिगेशन्स'. लांबलचक आहे, कळतंय मला. पण खोटं नाही.

'कास., सेझ. उन.' सोपं: कासेशन कोर्टाची, म्हणजे तिथल्या शेवटच्या अपील कोर्टाची, संयुक्त पीठं. 'सुप्रीम कोर्ट' लिहायचा मोह होतो, पण घटनात्मक कोर्ट तिकडे वेगळंच आहे, तेव्हा मी 'कोर्ट ऑफ कासेशन'च ठेवतो. आर.जी.एन.आर. हा गुन्ह्याच्या खबरीचा नोंदणी क्रमांक, जवळपास तुमचा एफआयआर नंबर. त्यापुढे 'मोद. २१' (नोंदवहीचा नमुना २१) असेल तर आरोपी माहीत आहे, '४४' असेल तर अज्ञात. दोन आकड्यांत अर्धी गोष्ट! मी इंग्रजीत अर्थ लिहितो आणि मूळ लघुरूप कंसात तसंच ठेवतो. एजन्सीला ते कंस आवडत नाहीत. नसोत.

आता तुझी मदत हवी. निकालाच्या शेवटी शिक्का असतो, 'कांचेल्लेरियात (कोर्टाच्या कार्यालयात) जमा', आणि सही कांचेल्येरेची, म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याची. 'चान्सलर' लिहिलं तर जर्मनीचा वाटेल, 'क्लार्क' लिहिलं तर चहा आणणारा वाटतो. तुमच्याकडे खऱ्या नकलेवर सही कुणाची असते, आणि इंग्रजीत त्याला काय म्हणता? शुक्रवारच्या आत कळव, शनिवारी काम द्यायचंय.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अन्या