सेलूच्या लॅपटॉपवाल्या दादाला, एका जिनिंगच्या मुनिमाकडून

दादा, नमस्कार.

तुमचं नाव टाकू का म्हणून विचारलं तर "नाव नका टाकू, लोकं रात्री अकराला फोन करतेत" म्हणलात, म्हणून नुसतं दादा. वयानं माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी धाकटेच असताल, पण ज्याच्या हातात कला तो दादाच. आभार खरं तर त्याच दिवशी मानायचे होते, पण शेवटची गाडी गाठायची होती आणि तुम्ही साडेतीनशे म्हणलात तर मला वाटलं साडेतीन हजार म्हणले असतील, मी आपला पाकीट चाचपत बसलो, त्या गडबडीत राहूनच गेलं.

वाचणाऱ्यांना थोडं सांगतो. मी मानवतकडं एका जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, मुनीम आहे. काट्याच्या पावत्या, शेतकऱ्यांचे हिशोब, १७० किलोच्या गाठी किती बांधल्या किती गेल्या त्याचं रजिस्टर, सगळं एकाच लॅपटॉपवर, २०१८ सालचा, आत आय-फाइव्ह ८२५०यू प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू. त्याच्यावर ना गेम ना व्हिडिओ, एक्सेल आणि ब्राउझर, बास. तरी मार्चपासून असं व्हायलं की सकाळी नऊला चालू केला की अकरापर्यंत बरा, मग फॅन पिठाच्या गिरणीवाणी घोंगावायचा, कीबोर्डच्या डाव्या अंगाला बोट ठेवू द्यायचा नाही, बेरीज मारली की आकडा येईपर्यंत चहा पिऊन यावं. एप्रिलात तर पावती अर्धी झालेली आणि फट्कन बंद. ट्रॅक्टर काट्यावर, मागं अजून दोन उभे, ड्रायव्हर हॉर्न मारायलाय आणि मी बटण दाबत बसलोय.

मी काय काय उपाय केले ते तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तोंडाला हात लावून हसलात, पण इथंही लिहितो, लाज काय त्यात. एक, लॅपटॉप कुलरपुढं ठेवायचो. दोन, जिनिंगवरचा मोठा ब्लोअर आणून खालच्या जाळीतून भस्सकन हवा मारली. तीन, एका मोठ्या गावातल्या मोठ्या दुकानात नेला, त्यांनी न उघडताच मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं, नऊ हजार. नऊ हजार म्हणल्यावर मी लॅपटॉप काखेत मारला आणि परत आलो.

तुम्ही पहिलं काय केलं तर स्क्रू ड्रायव्हर हातात घेतलाच नाही. विचारलं, "मुनीमजी, हे ठेवता कुठं?" मी म्हणलं दिवसा टेबलावर, टेबल कापसाच्या ढिगाच्या बाजूलाच, आणि रात्री घरी बाजेवर, गोधडीवर. तुम्ही म्हणले, "मग बिचारा श्वास कुठून घेईल, ह्याचं नाक खाली आहे." हे मला सात वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं, की हवा खालच्या जाळीतून आत जाती आणि बाजूनं गरम होऊन बाहेर पडती, गोधडीवर ठेवला की नाकच दाबलं.

मग माझ्या समोर उघडला, आधी बॅटरीची पिन काढली, फॅन सोडवला. फॅनच्या तोंडाशी तांब्याच्या नळीच्या टोकाला कंगव्यासारख्या बारीक पत्र्या असतेत, त्या दिसतच नव्हत्या. त्यांच्यावर करड्या रंगाचा एक पट्टा बसलेला, बोटभर लांब, जाड, अगदी नमद्यासारखा. तुम्ही चिमट्यानं तो अख्खा एका दमात ओढला, हातावर घेतला, दोन बोटांत वळला आणि म्हणले, "घ्या, समईत लावा." खरंच वात झाली की दादा ती! निम्मी धूळ, निम्मी आमचीच रुई. ढिगाजवळची उडालेली रुई आत बसत गेली, कुलरच्या ओल्या हवेनं तिचा गच्च थर झाला, आणि मी ब्लोअर मारून उरलेली पण आत कोंबली. दिवाळी ते फेब्रुवारी थंडीत काही कळलं नाही, ऊन तापलं तेव्हा बोंबललं. ब्लोअरबद्दल तर तुम्ही रागावलाच, फॅनला काडी लावून धरल्याशिवाय हवा मारली की तो नको तेवढा जोरात फिरतो, बेअरिंग जातं, तुमचं नशीब म्हणून वाचला म्हणले.

प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या पट्टीत जावी म्हणून मधे जी पेस्ट लावतेत, तिचं पण डोळ्यानं दाखवलंत. प्रोसेसर आणि तांब्याची पट्टी दिसायला चिकटलेल्या, पण मधे बारीक बारीक हवा राहती आणि हवा उष्णता धड पुढं जाऊ देत नाही, म्हणून मधे पेस्ट. आमची वाळून खडू झालेली, नखानं पापुद्रे निघायलेले. अल्कोहोलनं पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी लावली, आणि स्क्रू एकेक करून पूर्ण न आवळता पट्टीवर जे १, २, ३, ४ आकडे छापलेत त्या क्रमानं थोडे थोडे. मी म्हणलं अजून जरा लावा की पेस्ट, तुम्ही म्हणले "पोळीला तूप नाही लावायलो."

नंतर आकडे दाखवले. आणला तेव्हा एचडब्ल्यूमॉनिटरमध्ये, म्हणजे आतली गरमी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, ९७ डिग्री, नुसतं एक्सेल उघडं असताना. १०० च्या आसपास गेला की प्रोसेसर जीव वाचवायला आपणच वेग कमी करतो, तरी नाही निभावलं की बंद पडतो, म्हणजे माझ्या पावत्या अडायच्या त्या ह्याच्यामुळं. साफ केल्यावर तेच काम ७८ वर. वरून विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसर १०० टक्क्यांऐवजी ९९ केला, त्यानं टर्बो बंद होतो, १.६ वरून ३.४ गिगाहर्ट्झपर्यंतची उडी मारत नाही. मला वाटलं आता बैलगाडी होईल. पण पावत्यांना काय उडी लागती? फरक कळलासुद्धा नाही, आणि अजून पाच-सहा डिग्री उतरले.

आता बाटलीची चार झाकणं खाली लावलीत, टेबल ढिगापासून लांब खिडकीकडं सरकवलाय, घरी बाजेवर पाट घेऊन बसतो, बायको म्हणती जेवायला बसलाय का पूजेला. परवा बाहेर ४३ होतं, लॅपटॉप दुपारी तीन वाजता ७४.

वात मी टाकली नाही, ड्रॉवरमध्ये कागदात गुंडाळून ठेवलीय. हमाल, ड्रायव्हर, ज्याचा लॅपटॉप गरम व्हायलाय त्याला काढून दाखवतो.

दसऱ्याच्या आत, नवा कापूस यायच्या आधी एकदा साफ करायला आणतो, आणि ह्या वेळी साडेतीनशे चालणार नाही, नीट पैसे घ्या. जानेवारीत हुरड्याला यायचंय, वहिनी आणि लेकरं घेऊन. येताना तो छोटा ब्लोअर आणि पेस्टची ट्यूब तेवढी आणा, आमच्या मालकाचा लॅपटॉप पण आवाज करायलाय.

तुमचा,
मुनीम