आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र: कंडोमसोबत वंगणाचे जेल द्या, दवाखान्यात नीट विचारा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय,

गे आणि बायसेक्शुअल पुरुषांमधल्या एचआयव्हीचा विषय निघाला की जनजागृतीचा ठराव होतो. पण कंडोम वापरावा हे यांतल्या बहुतेकांना पाठ आहे. गाडी अडते ती लपवाछपवीत. घरात एकांत नाही, लॉजवर ओळखपत्राची धास्ती. मग भेट अंधारात, घाईत उरकायची. झडतीत कंडोम सापडला तर काय सांगायचे, म्हणून तो खिशात ठेवायचाच नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने प्रौढ पुरुषांमधले संमतीचे संबंध गुन्हा राहिले नाहीत, पण पोलिसांची भीती त्या दिवशी संपली नाही.

घाईत आणखी एक गोष्ट घडते. गुदद्वाराला स्वतःचा ओलावा नसतो, म्हणून हाताशी येईल ते खोबरेल तेल किंवा व्हॅसलिन लावले जाते. तेलाने लेटेक्स काही मिनिटांत कमजोर होते आणि कंडोम फाटतो. तेव्हा मोफत कंडोमसोबत पाण्यात विरघळणाऱ्या जेलचे पाऊचही द्या, आणि ते दर वेळी द्या. नुसता कंडोम देणे हे अर्धे काम आहे.

लग्नाचा दबाव तर सगळ्यांनाच माहीत आहे. स्थळे येतात, लग्न होते, बाहेरचे संबंध चोरून चालू राहतात. बायकोसोबत अचानक कंडोम काढला तर संशय येईल, म्हणून तिथेही नाही. ज्यांना या वर्तुळात 'पंथी' म्हणजे पुरुषी जोडीदार म्हणतात, त्यांतल्या अनेकांना 'गे' हा शब्द आपला वाटत नाही. 'समलिंगी पुरुषांसाठी' असे पोस्टर ते वाचून पुढे जातात. पोस्टरवर कृती लिहा, ओळख नको.

सगळ्यात जास्त नुकसान तपासणीच्या टेबलावर होते. गुदद्वारातून पू येतो, दुखते, पण रुग्ण 'शौचाला त्रास होतो' एवढेच सांगतो. डॉक्टर लग्न झाले का विचारतात, मूळव्याधीचे मलम लिहून देतात. सुरक्षा क्लिनिक म्हणजे लैंगिक आजारांच्या सरकारी दवाखान्यातले करड्या रंगाचे औषधांचे किट १ (अ‍ॅझिथ्रोमायसिन आणि सेफिक्झिम) गुदद्वारातल्या स्रावासाठीही आहे. ते कपाटातच राहते. संसर्ग तसाच राहिला की एचआयव्हीला आत शिरणे सोपे जाते. 'संबंध पुरुषांशी, स्त्रियांशी की दोघांशी?' हा प्रश्न प्रत्येक पुरुष रुग्णाला, दार लावून, त्याच सुरात विचारला गेला पाहिजे. तो केसपेपरवर छापून घ्या.

कंडोम फाटला तर पीईपी, म्हणजे संबंधानंतर एचआयव्ही जडू नये म्हणून घ्यायचे औषध, ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके बरे, सुरू करून २८ दिवस घ्यावे लागते. सुई टोचलेल्या परिचारिकेसाठी जी तत्परता दिसते तीच रात्री अकराला आलेल्या या माणसासाठी हवी.

प्रेप म्हणजे एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीपासून घ्यायची गोळी. तिची मार्गदर्शक तत्त्वे नॅकोने (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेने) २०२२ मध्ये काढली. टेनोफोविर ३०० आणि एमट्रिसिटाबिन २०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी. आधी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडासाठी) तपासणी. परवडणाऱ्यांनी विकत घ्यायची, बाकीच्यांनी काय करायचे? सरकारी केंद्रात ती मोफत ठेवा आणि साध्या पाकिटात द्या. घरात बाटली सापडली की 'याला एड्स झालाय' म्हणून गहजब होतो आणि गोळी सुटते.

एचआयव्ही तपासणी केंद्रे बहुतेक कार्यालयीन वेळेतच चालतात. रोजंदारीवरच्या माणसाला ती वेळ जमत नाही. मोठ्या शहरांत आठवड्यातून दोन संध्याकाळी आणि रविवारी ती उघडी ठेवण्याचा आदेश याच तिमाहीत काढावा, ही विनंती.

आपले,
या क्षेत्रात काम करणारे समुपदेशक आणि क्षेत्र कार्यकर्ते