वर्गातल्या लेखनाला वाचक हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

विद्यार्थ्याचा निबंध बहुधा एकच व्यक्ती वाचते, आणि तीही गुण देण्यासाठी. लाल शाईच्या खुणांसह वही परत आली की तो मजकूर पुन्हा लिहिण्याचे कारणच मुलाला उरत नाही. वर्गात ब्लॉगचा, म्हणजे इंटरनेटवर नोंदी लिहून त्यांखाली वाचकांच्या प्रतिक्रिया घेता येणाऱ्या पानाचा, वापर व्हावा, असा आग्रह भाषेची शिक्षिका म्हणून मी धरते तो यासाठी.

यामागची कल्पना संगणकाहून जुनी आहे. सेलेस्तँ फ्रेने या फ्रेंच शिक्षकाने १९२४ च्या सुमारास आपल्या गावातील शाळेत छोटे छपाईयंत्र आणले, मुलांनी स्वतःच्या अनुभवांवर लिहिलेले मजकूर त्यांच्याच हातून अक्षरांचे धातूचे खिळे जुळवून छापून घेतले आणि दूरच्या एका शाळेशी त्यांची देवाणघेवाण सुरू केली. १९९९ मध्ये ‘ब्लॉगर’ ही ब्लॉग लिहिण्याची सेवा सुरू झाल्यापासून ते काम छपाईयंत्रावाचून होऊ शकते.

मात्र, शिक्षकांनी गृहपाठ आणि सूचना टाकण्यापुरता ब्लॉग वापरला, तर तो पडद्यावरचा फळाच ठरतो. माझ्या वर्गातील एका मुलीने बी रुजण्याच्या प्रयोगाची नोंद ब्लॉगवर लिहिली होती. ‘रोज पाणी किती घातलेस?’ असे एका वर्गमित्राने खाली विचारले. तिने वही चाळली, तर ते प्रमाण कुठेच लिहिलेले नव्हते. तिने पाणी मोजून प्रयोग पुन्हा केला आणि नोंद नव्याने लिहिली. तोच प्रश्न मी समासात लिहिला असता, तर तिने तो वाचून पान उलटले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

असे प्रश्न विचारणे मुलांना शिकवावे लागते. ‘छान’, ‘मस्त’ एवढ्या शेऱ्याने लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. म्हणून प्रतिक्रियेत एखादे विशिष्ट वाक्य दाखवावे किंवा शंका विचारावी, असा नियम आम्ही केला. प्रत्येक नोंदीला गुण देणेही मी थांबवले, कारण गुण दिसताच मुले पुन्हा माझ्यासाठीच लिहू लागत.

पालकांची काळजी रास्त आहे. अनेक सेवांवर १३ वर्षांखालील मुलांना स्वतःचे खाते उघडता येत नाही. तेव्हा खाते शिक्षकांकडे असावे, मुलांची पूर्ण नावे व छायाचित्रे टाळावीत, पालकांची लेखी संमती घ्यावी आणि प्रत्येक प्रतिक्रिया शिक्षकांनी वाचल्यावरच प्रसिद्ध व्हावी.

घरी संगणक वा इंटरनेट नसलेली मुले यात मागे पडू नयेत, म्हणून हे लेखन गृहपाठ म्हणून न देता शाळेच्या वेळेतच करून घ्यायला हवे. त्यासाठी भाषेच्या आणि विज्ञानाच्या तासांपैकी आठवड्यातून निदान एक तास संगणक कक्षात घेण्याची मुभा शाळांच्या व्यवस्थापनांनी द्यावी, अशी माझी विनंती आहे.

आपली विश्वासू,
एक भाषा शिक्षिका