'इनॉक आर्डेन'ला घाई नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मूकपट म्हटले की तुरुतुरु पळणारी माणसे डोळ्यांपुढे येतात. हा दोष मूकपट जास्त वेगाने दाखवणाऱ्यांचा. अमेरिकन दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथच्या 'इनॉक आर्डेन'चा (१९११) तर त्याने जीवच जातो.

इंग्रज कवी टेनिसनच्या १८६४ सालच्या कथाकाव्यावरचा हा चित्रपट. इनॉक समुद्रावर बेपत्ता होतो, त्याची पत्नी ॲनी वर्षानुवर्षे वाट पाहून अखेर फिलिपशी लग्न करते. परतलेला इनॉक खिडकीतून त्यांचा संसार पाहतो आणि ओळख न देताच मागे फिरतो. पाठलाग नाही, मारामारी नाही. सारे नाट्य वाट पाहण्यात आहे. हीच कथा ग्रिफिथने १९०८ मध्ये 'आफ्टर मेनी इयर्स' या नावाने एका रिळात सांगितली होती. घरातल्या पत्नीवरून थेट बेटावरच्या पतीवर जाणारा त्यातला कट आजही अभ्यासला जातो. १९११ मध्ये त्याने दोन रिळे घेतली, ती या वाट पाहण्याला जागा हवी म्हणूनच, असे मला वाटते. बायोग्राफ कंपनीने मात्र ती १२ आणि १५ जूनला सुटी सुटी प्रदर्शित केली.

३५ मिमी फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम (एकेक स्थिर चित्र), म्हणजे हजार फुटी रिळात १६,०००. मूकपटाच्या साधारण वेगाने, सेकंदाला १६ फ्रेमने ते १६ मिनिटे ४० सेकंद चालते, बोलपटाच्या २४ फ्रेमने ११ मिनिटे ७ सेकंदांत संपते. पूर्ण भरलेल्या दोन रिळांत अकरा मिनिटे गेली!

फिल्म सोसायट्यांनी डिजिटल प्रत आधी फ्रेम-फ्रेम पुढे सरकवून पाहावी. दर तीन फ्रेममध्ये एक दुबार आढळली तर वेग आधीच दुरुस्त केलेला आहे. तिला हात लावू नये, नाहीतर माणसे पाण्यात चालल्यासारखी दिसतील. दुबार फ्रेम नसेल आणि हालचाल पळत असेल तर प्लेअरचा वेग ०.६७ ठेवावा. कॅमेरा हाताने फिरवत, त्यामुळे दृश्यागणिक थोडा फरक पडणारच. अशा वेळी किनाऱ्यावरच्या लाटांकडे पाहावे. लाट फुटून ओसरायला किती वेळ लागतो हे कोकणात गेलेल्या कुणालाही डोळ्यांनी कळते.

मूळ फिल्म असेल तर प्रोजेक्टरला बोलपटाचे गेट (फ्रेम ज्यातून पडद्यावर पडते ती चौकट) वापरू नये. ध्वनिपट्टीसाठी सोडलेल्या जागेमुळे मूकपटाच्या पूर्ण चौकटीची एक कड कापली जाते. आणि दोन्ही भाग सलग दाखवावेत, मध्ये चहाची सुट्टी नको.

आपला,
एक वाचक, पुणे